न बांधलेल्या घरातला उजेड

पुण्या-मुंबईत नव्या गृहप्रकल्पाच्या होर्डिंगवर जी इमारत दिसते, ती बहुतेक वेळा अजून उभीच राहिलेली नसते. जागेभोवती पत्रे ठोकलेले, आत पोकलेन खोदतोय आणि वर फलकावर मात्र संध्याकाळच्या उन्हात झळाळणारे बारा मजले. त्या चित्राला आर्किटेक्टच्या ऑफिसात ‘थ्रीडी’ किंवा ‘रेंडर’ म्हणतात. ते कसे तयार होते, हे घर घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते. एक तर ती मोठी देखणी कारागिरी आहे आणि दुसरे म्हणजे त्या चित्राच्या भरवशावर लोक आयुष्यभराची पुंजी लावतात.

सुरुवात साधी असते. ऑटोकॅडमधला प्लॅन घ्यायचा, स्केचअप किंवा थ्रीडीएस मॅक्समध्ये त्यावर भिंती उचलायच्या, खिडक्या कापायच्या, स्लॅब टाकायचे. इथवर थोड्या सरावाने कोणीही पोचतो. हात कळतो तो मटेरियल लावताना. कोटा फरशीला नुसता हिरवट-करडा रंग देऊन भागत नाही. पॉलिश केलेल्या कोट्यात खिडकीचा उजेड लांबट आणि पुसट उतरतो, तो तसाच उतरावा लागतो. नवशिक्याने केलेले टेबल खोटे वाटते, कारण त्याच्या कडा अगदी धारदार असतात. सुतार प्रत्येक कडेवरून पॉलिशपेपर फिरवतो. त्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या गोलाईवर उजेडाची बारीक रेघ उमटते. ती रेघ चित्रात आली की डोळा टेबल खरे मानतो. चांगला रेंडर करणारा माणूस दिवसभर अशाच रेघांच्या मागे असतो.

उजेडाचा हिशोब संगणक करतो. तो त्याला शिकवण्यात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा मोठा वाटा आहे. तिथे डोनाल्ड ग्रीनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत १९८४ मध्ये एका साध्या पेटीवर काम झाले. तिचे पुढे प्रसिद्ध झालेले रूप असे: एक बाजू लाल, समोरची हिरवी, बाकी सगळे पांढरे, आत दोन ठोकळे आणि वर दिवा. लाल भिंतीजवळच्या पांढऱ्या ठोकळ्यावर हलकी लाली चढते, कारण उजेड भिंतीवर आपटून रंग घेऊनच पुढे जातो. दिवाणखान्याची भिंत गडद पिवळी रंगवली की छतही पिवळसर दिसू लागते, ते याच कारणाने. १९८६ मध्ये कॉर्नेलच्या संशोधकांनी खरी पेटी आणि संगणकाचे चित्र यांच्या प्रतिमा कॅमेऱ्याच्या काचेवर शेजारी शेजारी दाखवल्या. खरी कुठली, हे बघणाऱ्यांना अंदाजापलीकडे सांगता आले नाही.

त्याच वर्षी जेम्स कजिया यांनी उजेडाच्या या साऱ्या ये-जा एका समीकरणात मांडल्या. आजचे रेंडर त्यावरच चालतात. कॅमेऱ्यातून असंख्य किरण सोडायचे, ते भिंती-फरशांवरून उसळत दिव्यापर्यंत किंवा सूर्यापर्यंत पोचतात का ते बघायचे. सुरुवातीला चित्र रवाळ दिसते, मग हळूहळू निवळते. हा रवाळपणा निम्मा करायचा तर किरण चौपट लागतात, म्हणून पूर्वी एकेका चित्रासाठी संगणक रात्रभर चालू ठेवावा लागे. आता ग्राफिक्स कार्डांनी ते काम मिनिटांवर आणले आहे. या व्यवसायाला व्ही-रे हे सॉफ्टवेअर दिले ते बल्गेरियातल्या सोफिया शहराने; ते घडवणारे व्लादिमिर कोयलाझोव यांना २०१७ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. ज्यांना महागडे सॉफ्टवेअर परवडत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी ब्लेंडर आहे, पूर्ण मोफत.

उजेडाचे गणित प्रामाणिक असते. फसवणूक होते ती कॅमेरा कुठे ठेवला आणि काय वगळले यातून. दहा बाय अकराची बेडरूम रुंद लेन्सने बघितली की हॉलएवढी भासते. कॅमेरा चक्क भिंतीच्या पलीकडे ठेवून मधली भिंत अदृश्य करता येते. तिथे उभे राहून ती खोली कोणालाच कधी बघता येणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये गावाचे अक्षांश, तारीख आणि वेळ घातली की सूर्य अचूक जागी येतो. पुण्यात मेच्या मध्यास तो दुपारी थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते; २१ डिसेंबरच्या दुपारी मात्र तो दक्षिणेकडे ४८ अंशांवर उतरतो आणि दक्षिणेच्या बाल्कनीतून ऊन घरात शिरते. इतकी अचूक सोय हाताशी असताना चित्रासाठी निवडली जाते ती सोनेरी संध्याकाळ, मग ती बाजू उत्तरेची का असेना. शेजारची इमारत गायब होते. एसीची युनिटे, पाण्याच्या टाक्या, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या दिसत नाहीत. मला सर्वांत खटकते ते पावसाचे नसणे. आपल्या इमारती चार महिने पावसात भिजतात. छज्जा किती पुढे हवा, पाणी कुठून ओघळेल, शेवाळ कुठे धरेल, हे पावसाळी रेंडरमध्ये आधीच दिसू शकते. आर्किटेक्टांनी तो करून घ्यायलाच हवा.

तुम्ही घर बघायला जाल तेव्हा चित्रापुढे उभे राहून तीन प्रश्न विचारा: कॅमेरा कुठे आहे, दिशा कुठली आणि वेळ कोणती? शेजारच्या इमारतींसह डिसेंबरच्या सकाळचा एक व्ह्यू मागा. तो काढून देणे फारसे अवघड नसते. खोल्यांची मापे महारेराच्या संकेतस्थळावरच्या मंजूर आराखड्याशी ताडा. आणि ब्रोशर पैशांच्या पावतीसोबत जपून ठेवा. जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि त्यातून नुकसान झाले, तर २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार भरपाई मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल तर भरलेली सगळी रक्कम व्याजासह परत मागता येते.