रोज एक चौकोन (लेखांक 5) : उठाव येतो कुठून?

गेले चार आठवडे आपण सपाट चौकोन विणत आलो. मुक्या खांबांचे, अर्ध्या खांबांचे, पूर्ण खांबांचे, आणि मधल्या कड्यापासून सुरू होऊन चारी कोपऱ्यांत वाढत जाणारे. या आठवड्यात चौकोन वर उठणार आहेत. डोळे मिटून हात फिरवला तरी एक चौकोन दुसऱ्यापासून वेगळा ओळखू यावा, इतका त्यांचा पोत वेगळा असेल. त्यासाठी वेगळी लोकर नको, आणि हात फार घट्ट नसेल तर नवी सुईही नको. साखळी, मुका खांब आणि खांब हाताला बसले असतील तर सातही दिवसांची तयारी झालेलीच आहे. बदलते ती मुख्यतः सुई घालायची जागा.

विणलेल्या ओळीच्या माथ्यावर पाहा. प्रत्येक टाक्यावर दोन धागे आडवे पडलेले दिसतात, एक आपल्या बाजूचा आणि एक पलीकडचा. आजवर सुई दोन्हींच्या खालून जात होती. सोमवारच्या चौकोनात ती फक्त पलीकडच्या धाग्यातून घालायची आणि सगळे मुके खांबच विणायचे. अलीकडचा धागा कशातच न अडकता मोकळा राहतो आणि त्याची एक कड तयार होते. पुढे-मागे विणत गेलं की दर दोन ओळींना एक ठळक धार दिसू लागते आणि चौकोन ओळींच्या आडव्या दिशेने ताणला जाऊन पुन्हा जागेवर येतो. क्रोशाच्या स्वेटरला मनगटाची पट्टी याच टाक्याची करतात.

मंगळवारचा चौकोन याहून सोपा, पण आठवड्यातला सगळ्यात शिकवणारा. सम संख्येत टाके घ्या. एक मुका खांब, एक खांब, पुन्हा मुका, पुन्हा खांब अशी ओळ विणा. पुढच्या ओळीत मुक्या खांबावर खांब आणि खांबावर मुका खांब. पाच-सहा ओळींत बारीक खडीसारखा दाणेदार पोत उमटतो. तो का उमटतो हे थांबून बघण्यासारखं आहे. खांब उंच असतो, त्याच्या दोन्ही बाजूंचे मुके खांब बुटके असतात, आणि तिघांना एकाच ओळीत बसायचं असतं. शेजारी त्याला खाली दाबून धरतात. सरळ उभं राहायला जागा नाही म्हटल्यावर तो वाकतो आणि पोट बाहेर काढतो. उठावाचे कितीतरी टाके या एकाच कारणातून निघालेत. ते कारण एकदा कळलं की पुस्तकातला नमुना न वाचताही टाका कुठे फुगेल ते सांगता येतं.

बुधवारचा बॉबल हे त्याचंच मोठं रूप. एकाच घरात पाच खांब विणायचे, पण प्रत्येकाचा शेवटचा वेढा ओढायचा नाही. सुईवर सहा फास जमतात. मग दोरा घेऊन सहाही फासांतून एकदम काढायचा. दोन्ही बाजूंना मुके खांब हवेतच, नाहीतर गोळा फुगत नाही, नुसता जाडसर पसरतो. बॉबल नेहमी आपल्यापासून लांबच्या बाजूला बाहेर येतो, म्हणून तो उलट बाजूच्या ओळीत विणायचा असतो. सुरुवात करणाऱ्या बऱ्याच जणी तो सुलट ओळीत विणतात, मग एकेक गोळा बोटाने मागून पुढे ढकलत बसतात आणि पहिल्या धुण्यात ते पुन्हा मागे जातात. सुलट ओळीतच गोळा हवा असेल तर पॉपकॉर्न करा. पाच खांब पूर्ण विणायचे, सुई काढून घ्यायची, पहिल्या खांबाच्या माथ्यात पुढून मागे घालायची आणि सोडलेला फास त्यातून ओढून घ्यायचा. पॉपकॉर्न टणक असतो, मागून पोकळ. गोळ्यांच्या मधल्या तीन ओळी तरी साध्या मुक्या खांबांच्या ठेवा. भरगच्च गोळ्यांचा चौकोन हातात छान वाटतो, पण ब्लँकेटमध्ये तो एकटा जड होऊन लोंबतो.

आपल्याकडे क्रोशाची ओळख लोकरीची नाही, दोऱ्याची आहे. रुखवतातले रुमाल, ताटांवरची झाकणं, टेबलक्लॉथ, दारावरचं ‘सुस्वागतम’ लिहिलेलं तोरण, हे सगळं बारीक सुतावरचं, जाळीचं आणि सपाट काम. त्यात हात जितका घट्ट तितकी जाळी रेखीव. पिढ्यान् पिढ्या हाच घट्टपणा चांगल्या हाताची खूण मानला गेला, आणि उठावाच्या टाक्यांत नेमका तोच आड येतो. दोऱ्याच्या कामात तयार झालेल्या बायकांना गुरुवार-शुक्रवारच्या चौकोनांत सुई आत शिरत नाही, बोटं दुखतात, चौकोन पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. हाताची सवय मोडायला जाऊ नका, ती फार मोलाची आहे. सुई अर्ध्या मिलिमीटरने मोठी घ्या. आपण 4 मिलिमीटरची वापरतो आहोत, तर या दोन दिवसांपुरती 4.5 ची.

त्या दोन दिवसांत सुई टाक्याच्या माथ्यात जातच नाही, ती खालच्या खांबाच्या अंगाभोवती फिरते. पुढून मागे जाऊन खांबाला वळसा घालून पुन्हा पुढे आली, तर तो खांब पुढे ओढला जातो. मागून पुढे येऊन पुन्हा मागे गेली, तर तो मागे दबतो. गुरुवारी चार खांब पुढचे, चार मागचे, अशा चार ओळी. मग अदलाबदल करून पुढच्या चार. टोपलीच्या विणीसारखे चौकडे दिसू लागतात. यात सगळे अडखळतात ते परतीच्या ओळीत. काम उलटलं की जो खांब सुलट बाजूने पुढे होता तो आपल्याला मागे दिसतो. म्हणून नमुन्यातलं ‘पुढचा, मागचा’ पाठ करू नका. समोर जे वर आलेलं दिसतंय त्याला पुढून वळसा, जे आत गेलेलं दिसतंय त्याला मागून वळसा, आणि अदलाबदलीच्या ओळीत बरोबर उलट. नजर एकदा बसली की कागद बाजूला ठेवता येतो.

शुक्रवारचा वॉफल टाका याच कुळातला. एक पुढून वळसा घेतलेला खांब आणि दोन साधे खांब, असं सुलट ओळीत. उलट ओळीत वळशाच्या खांबावर साधा खांब आणि दोन साध्या खांबांना पुढून वळसा. काही ओळींत खोल चौकोनी खळगे पडतात. थंडीत या टाक्याला तोड नाही. ऊब लोकरीइतकीच तिच्यात अडकून राहिलेल्या हवेची असते. स्थिर हवा उष्णतेला सहज जाऊ देत नाही, आणि अंगावर घेतल्यावर या खळग्यांत ती स्थिर राहते. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात सबंध ब्लँकेट वॉफलचं करायला हरकत नाही. मुंबईत मधून मधून चार चौकोन पुरेत.

आता मापाचं. या आठवड्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. सगळ्या चौकोनांना सारखेच टाके घातले तर सगळे चौकोन वेगवेगळ्या मापाचे होतात. वळशाचा खांब खालच्या खांबाच्या अंगापासून सुरू होतो, त्यामुळे ओळीची उंची मारली जाते. न वापरलेले माथे मागच्या बाजूला पडून कापड जाड होतं आणि रुंदीतही आवळतं. जी लोकर साध्या चौकोनात पसरली असती ती इथे जाडीत गेलेली असते. मुक्या खांबांच्या 14 सेंटिमीटरला जेवढे टाके लागतात तेवढ्यात टोपलीचा टाका विणला, तर माझ्या हाताला तो सेंटिमीटरभर तरी कमी भरतो. म्हणून आत टाके मोजू नका, टेप लावा. चार ओळी झाल्या की रुंदी बघा, कमी असेल तर उसवा आणि टाके वाढवून पुन्हा सुरू करा. चार ओळी उसवायला दोन मिनिटं लागतात.

मोजायचं ते काठावर. आतला भाग 14 सेंटिमीटरचा झाला की भोवती मुक्या खांबांची एक फेरी घाला. प्रत्येक बाजूला 24 टाके, कोपऱ्याच्या घरात मुका खांब, दोन साखळ्या, मुका खांब. ओळींच्या कडेच्या बाजूंना मुक्या खांबाच्या ओळीत एक टाका आणि खांबाच्या ओळीत दोन असा अंदाज धरला तर जमतं. कमी-जास्त असेल ते त्या फेरीतच सांभाळून घ्या. चौकोन 15 सेंटिमीटरचा होतो. आत मनाला येईल ते करा, काठावरचे 24 टाके मात्र चुकवू नका, कारण जोडताना टाक्याला टाका मिळवायचा असतो.

अनेकांच्या हातचे तुकडे जोडायचे असतात तिथे तर सगळं या मापावरच उभं असतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉसॉ गावात लोकरीचं दुकान चालवणाऱ्या एव्ही रोझेन यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘वॉर्म अप अमेरिका’ हा उपक्रम सुरू केला. सबंध ब्लँकेट करायला अनेकांना सवड नसते, पण एक तुकडा कुणीही करू शकतं, एवढा सरळ विचार त्यामागे होता. तुकडा 7 बाय 9 इंचांचा, टाका ज्याचा त्याचा, आणि असे 49 जोडले की एक ब्लँकेट. आपल्याकडे चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने 31 जानेवारी 2016 रोजी मांडलेलं 11,148.5 चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट गिनीजच्या नोंदीत गेलं, तेही असंख्य हातांनी केलेल्या तुकड्यांचंच. एकमेकींना कधी न भेटलेल्या बायकांचं काम शेजारी शेजारी बसतं ते माप आधी ठरलेलं असतं म्हणून. मला या कलेतली ही गोष्ट फार मोठी वाटते.

रोज नवा नमुना शोधताना एक सावधगिरी. इंग्रजी पुस्तकांत अमेरिकी आणि ब्रिटिश नावं वेगळी असतात. आपला मुका खांब अमेरिकेत सिंगल क्रोशे, तोच ब्रिटनमध्ये डबल क्रोशे. आणि अमेरिकी डबल क्रोशे म्हणजे आपला खांब. नमुन्यात कुठेही सिंगल क्रोशे दिसला की तो अमेरिकी, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच सहसा वापरत नाहीत. हे न बघता सुरुवात केली तर उठाव हरवतो, कारण बुटक्या आणि उंच टाक्यांचं गणितच बदलून जातं.

शनिवारी आयरिश गुलाब. हा फक्त शोभेचा चौकोन नाही. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगाने जाऊ लागलं आणि भीषण दुष्काळ पडला. त्या काळात जोगिणींच्या मठांनी आणि धर्मगुरूंच्या घरांतल्या बायकांनी गावोगावच्या स्त्रियांना क्रोशाची लेस शिकवली. मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावी कॅसँड्रा हँड यांनी 1847 मध्ये सुरू केलेलं काम त्यातलं प्रसिद्ध. बारीक सुतावर केलेली ही लेस विकून कित्येक घरांत अन्न आलं. तिची ओळख म्हणजे कापडावरून वर उठलेली फुलं आणि पानं. गुलाबाची युक्ती अशी: पहिल्या थराच्या पाकळ्या साखळीच्या कमानींवर विणायच्या, प्रत्येक पाकळीत मुका खांब, अर्धा खांब, तीन खांब, अर्धा खांब, मुका खांब. मग पाकळ्यांच्या मागून दुसऱ्या, लांब साखळीच्या कमानी घालायच्या, म्हणजे पुढच्या पाकळ्या मोठ्या होऊन पहिल्यांच्या पाठीशी उभ्या राहतात. सुतात तीन थर खुलतात. लोकरीत दोनच करा. त्यानंतर कमानी आणि खांबांनी चार कोपरे काढून चौकोन पुरा करायचा. हे करताना, भुकेल्या घरातल्या अंधूक उजेडात अशी पाकळी घालणारे हात डोळ्यांपुढे येतात आणि माझी पाकळी नकळत अधिक नेटकी होते.

रविवारी विणकाम थोडंच: मुक्या खांबांच्या चौकोनात अधूनमधून सुई दोन ओळी खाली घालून लांब टाका ओढा. दोन रंगांत तो उठून दिसतो. बाकीचे सगळे उठाव एकरंगी, फिकट लोकरीत करा. गडद रंगात सावली दिसत नाही, आणि पट्ट्यापट्ट्यांच्या रंगीत लोकरीत बॉबल शोधावा लागतो.

उरलेल्या वेळात सातही चौकोन टाचण्या लावून 15 सेंटिमीटरच्या आखणीवर ताणून ठेवा. खरी लोकर असेल तर ओली करून, सावलीत वाळेपर्यंत. दुकानात लोकर म्हणून मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं, वेष्टनावर वाचा. त्याला इस्त्रीची वाफ वरून, न टेकवता. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने मऊ पडतं. इस्त्री टेकली की तंतू कायमचे चपटे होतात आणि आठवडाभराचा उठाव जातो. प्रत्येक चौकोनाला सुई, टाका, टाक्यांची संख्या आणि वजन लिहिलेली चिठ्ठी बांधा. वजनावरून पुढे किती लोकर आणायची ते कळेल.

रोज एक याप्रमाणे वर्षाचे 365 चौकोन होतात. आडवे 8 आणि उभे 10 लावले तर 120 बाय 150 सेंटिमीटरचं, एका माणसाचं ब्लँकेट होतं. अशी चार झाली की 45 चौकोन उरतात. त्यांतल्या 36 चं तान्ह्या बाळाचं 90 सेंटिमीटरचं ब्लँकेट. त्यासाठी बिनजाळीचे चौकोन निवडा, इवली बोटं भोकांत अडकतात. मग राहिलेले 9 चौकोन, तीन बाय तीन, 45 सेंटिमीटरच्या उशीच्या खोळीची एक बाजू.