शीर मिळेना (लेखमाला ‘रक्ताशी गाठ’ : भाग 6)

‘शीर मिळत नाहीये’ हे वाक्य मुलांच्या केमो वॉर्डात सतत कानावर पडतं. गेल्या भागात पांढऱ्या पेशींबद्दल बोललो, आज औषध आत जातं त्या वाटेबद्दल.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या ‘एएलएल’ या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. व्हिन्क्रिस्टिन किंवा लालभडक डॉनोरुबिसिन शिरेबाहेर सांडलं तर आतलं मांस जळतं. म्हणून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत मऊ नळी नेऊन ठेवतात. पिक लाइन दंडातून आत जाते आणि तिचं टोक बाहेर लोंबत राहतं. केमोपोर्ट म्हणजे छातीच्या कातडीखाली बसवलेली नाण्याएवढी डबी.

पोर्टला जंतुसंसर्ग कमी होतो. औषधासाठी डबीत सुई टोचलेली नसेल तेव्हा कातडीचंच दार बंद असतं, मूल खुशाल आंघोळ करतं. मग सगळ्यांना पोर्टच का नाही? तो बसवायला भूल आणि ऑपरेशन थिएटर लागतं, खर्चही जास्त. शिवाय पहिल्या महिन्यात पेशी आणि प्लेटलेट तळाला गेलेल्या असतात, तेव्हा छातीवर चीर देणं जोखमीचं. म्हणून पुष्कळ ठिकाणी आधी पिक, मग पोर्ट.

मला विचाराल तर ‘चांगली कुठली’च्या आधी ‘दर आठवड्याचं ड्रेसिंग कोण करणार’ हे विचारावं. बोरिवलीहून परळच्या टाटा हॉस्पिटलला जाऊन येणं म्हणजे बापाचा एक खाडा. त्यात जुलैचा पाऊस. ड्रेसिंग भिजलं किंवा कडा सुटली, तर सात दिवस भरायची वाट पाहायची नाही.

जंतू बऱ्याचदा नळीच्या बाहेरच्या तोंडातून शिरतात. औषध देण्याआधी ते स्पिरिटच्या बोळ्याने पंधरा सेकंद घासायचं, मग सुकू द्यायचं. घाईच्या वॉर्डात पंधरा सेकंद फार लांब वाटतात. एक आई ते ओठांतल्या ओठांत मोजायची. नर्स नवी असली की मोठ्याने. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये हात धुणं, क्लोरहेक्सिडिनने कातडी पुसणं, नको झालेली नळी काढणं अशा पाच गोष्टी अतिदक्षता विभागांनी नेमाने पाळल्या. 2006 साली निकाल छापून आला: नळीमुळे होणारे रक्तातले संसर्ग दीड वर्षात सुमारे दोन-तृतीयांशांनी घटले होते. नवं औषध एकही नव्हतं.

आता ताप. 100.4 फॅरनहाइट दिसला, किंवा नळी फ्लश केल्यावर हुडहुडी भरली, की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. रात्री दोनला मुलुंडहून लोकल नाही, आणि रिक्षा सायनपुढे जात नाही. तेव्हा पहिला डोस जवळ कुठे मिळेल, हे नळी बसवतानाच डॉक्टरांना विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, टॅक्सीवाल्याच्या नंबरासकट.