फ्रेंच मेलमधले खोटे मित्र

फ्रेंच शिकायला लागलं की पहिले दोन महिने सही जातात. टेबल, नेशन, इम्पॉर्टंट, रेस्टॉरंट... स्पेलिंग सेम टू सेम, उच्चार तेवढा थोडा नाकातून! इतकं फुकटात मिळतंय म्हटल्यावर कोण खूश होणार नाही?

याचं क्रेडिट विल्यमला. नॉर्मंडीचा हा ड्यूक १०६६ मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडच्या गादीवर बसला आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबाराची, कोर्टकचेरीची, बड्या लोकांची भाषा फ्रेंच झाली. जनावरं राखणारा मात्र इंग्लिशच बोलत राहिला. म्हणून कुरणातली 'शीप' साहेबाच्या ताटात 'मटन' झाली. (आपलं रविवारचं मटणही याच वाटेने आलंय, बरं का!) फ्रेंचमध्ये मात्र 'मुताँ' म्हणजे चरणारं मेंढरू आणि त्याचं मांसही. 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी'सुद्धा मुळात एकच शब्द. नॉर्मन लोक जिथे 'व' म्हणायचे, तिथे पॅरिसकडे 'ग' म्हणत.

खरा लोचा पुढे आहे. सारखे दिसणारे सगळेच शब्द सारखे नसतात. फ्रेंच लोक अशांना 'फोझामी' म्हणतात, म्हणजे खोटे मित्र. माझी एक मैत्रीण पुण्यातल्या आयटी कंपनीत आहे. पॅरिसच्या क्लायंटचा मेल आला, की मार्चमध्ये 'एव्हांत्युएलमाँ' पुढचा फेज सुरू करू. टीमने वाचलं 'इव्हेंच्युअली', म्हणजे आज ना उद्या नक्की. सहा जणांना दुसऱ्या प्रोजेक्टवरून काढून बसवून ठेवलं. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ निव्वळ 'जमलंच तर'! मार्च गेला, फेज आलाच नाही आणि अप्रेझलमध्ये तिला त्याचा जाब द्यावा लागला.

'आक्त्युएलमाँ' म्हणजे 'अ‍ॅक्च्युअली' नाही, 'सध्या'. मीटिंगला 'आसिस्ते' करणारा मदत करत नाही, नुसता हजर असतो (आपल्याकडेही असे बरेच असतात). क्लायंट 'दमांद' करतोय म्हणजे डिमांड नाही, साधं विचारतोय. उगाच भडकू नका. आणि जॅममध्ये 'प्रेझेर्व्हातीफ' आहे का, असं दुकानात विचारू नका. त्याचा अर्थ कंडोम!

आपल्याला हे नवीन नाही म्हणा. हिंदीत 'शिक्षा' घ्यायला मुलं शाळेत जातात, मराठीत शाळेत गेल्यावर ती होते. पूर्ण अनोळखी शब्द दिसला की आपण डिक्शनरी उघडतो. ओळखीचा वाटला की उघडतच नाही, आणि तिथेच फसतो.

उलटा ट्रॅफिकही जोरात आहे. फ्रेंच माणूस पार्टीला 'स्मोकिंग' घालून जातो, म्हणजे डिनर जॅकेट. इंग्लिश शब्दांची ही गर्दी फ्रेंच सरकारला खुपते. ई-मेलऐवजी 'कुर्येल' लिहा, असं त्यांनी २००३ मध्ये ठरवलं. कॅनडातल्या क्युबेकमध्ये तो शब्द सर्रास चालतो. पॅरिसच्या ऑफिसात मात्र विचारतात, 'माझा मेल मिळाला का?'