घरच्या म्हाताऱ्या सर्व्हरला नवी ऑपरेटिंग सिस्टीम (खिशाला परवडेल अशी!)

सर्व्हर म्हटलं की आपल्याला आठवते ती लॅबमागची एसी लावलेली कुलूपबंद खोली. आमच्या कर्जतच्या घरी मात्र सर्व्हर आईच्या शिलाई मशीनखाली राहतो! बाबांचा जुना असेंबल्ड पीसी: कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, ५०० जीबीची एकच हार्ड डिस्क. घरातले सगळे फोटो त्यात, बाबांची बिलं त्यात, आणि आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्याही त्यातच. आजी आता नाही. त्या ओव्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात ही विनंती.)

या पीसीवर विंडोज ७ होती. तिचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" हा बाबांचा प्रश्न. उत्तर आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं होतं. ज्या भोकातून तो पसरला, त्यातल्या एकासाठीचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पण तो पासवर्ड चोरूनही पसरत असल्यामुळे पॅच टाकलेली मशीन्ससुद्धा सापडली. मर्स्कचं नेटवर्क पुन्हा उभं राहिलं ते घानामधल्या एका सर्व्हरमुळे. तिथे नेमकी वीज गेली होती, म्हणून तो वाचला! म्हणजे धडे दोन. अपडेट मिळणारी सिस्टीम हवी, आणि एक प्रत वायर काढून ठेवलेली हवी.

आता स्वस्त पर्याय बघू. विंडोज ११ अशा जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, आणि लायसन्सचे पैसे वेगळेच. ट्रूनॅस फुकट आहे, पण किमान ८ जीबी रॅम मागते. तेवढी रॅम घेण्यात अर्थ नाही. उरले दोन. एक साधी डेबियन, आणि दुसरी डेबियनवरच उभी असलेली ओपनमीडियाव्हॉल्ट, जिच्यात सगळं ब्राउझरमधून क्लिक करून होतं. दोन्ही फुकट. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आली. मात्र तिला ६४-बिट प्रोसेसर लागतो. कोअर टू ड्युओ ६४-बिट आहे, पण फार जुना पेंटियम ४ असेल तर आधी तपासा. ३२-बिटसाठी इन्स्टॉलर असलेली शेवटची आवृत्ती डेबियन १२.

ज्यांच्याकडे आधीच लिनक्स आहे त्यांनी एक नियम पाळावा: पायऱ्या गाळायच्या नाहीत. डेबियन ११ वरून थेट १३ वर उडी नाही, मध्ये १२ घ्यायचीच. उबुंटूच्या एलटीएसचंही तसंच. उबुंटू प्रो घरगुती वापरासाठी ५ मशीनपर्यंत फुकट आहे, त्यामुळे जुन्या एलटीएसला आणखी काही वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात.

आता माझा पराक्रम ऐका. दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या थाटात पेनड्राइव्ह लावला. इन्स्टॉलरने विचारलं, "संपूर्ण डिस्क वापरायची?" मला वाटलं हो म्हणजे जागा जास्त मिळेल. एंटर! पाच मिनिटांनी डोक्यात ट्यूब पेटली की सी आणि डी एकाच डिस्कवर होते. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "अगं, आईचा आवाज होता ना त्यात?"

सरळ वायर उपटली, आणि तेवढंच एक शहाणपण केलं. पुसलेल्या डिस्कवर जितकं नवीन लिहाल तितकं जुनं मरतं. ती डिस्क शेजारच्या दादाच्या पीसीला जोडली आणि फोटोरेक नावाच्या फुकट प्रोग्रॅमने दुसऱ्या डिस्कवर फाइल्स काढल्या. त्याला फाइलचं नाव कळत नाही, फक्त नंबर देतो. दोन रात्री मी एकेक फाइल ऐकत बसले. १४ ओव्यांपैकी ९ परत आल्या, दोन मध्येच तुटतात. पाच गेल्या त्या गेल्याच.

म्हणून तुम्ही या क्रमाने जा:

१. आधी कॉपी. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, उदा. मामाकडे. दोन-चार फाइल्स उघडून बघा.

२. डिस्कची तब्येत स्मार्टसीटीएलने तपासा. रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर वाढत असतील तर त्या डिस्कवर भरवसा नको.

३. सिस्टीमसाठी छोटी वेगळी डिस्क घ्या, एखादा जुना एसएसडीही चालेल. इन्स्टॉल करताना डेटाच्या डिस्कची केबल काढून ठेवा. जी जोडलेलीच नाही ती चुकून पुसताच येत नाही!

४. डेस्कटॉप निवडू नका, फक्त एसएसएच सर्व्हर घ्या. मग २ जीबी रॅम पुरते. फाइल शेअरिंगला सांबा, आणि अपडेट आपोआप यायला अनअटेंडेड अपग्रेड्स.

५. राउटरमधून सर्व्हर बाहेर इंटरनेटला उघडा करू नका. हॉस्टेलच्या नेटवर्कवर लावायचा असेल तर आधी वॉर्डन सरांना विचारा.

आपल्याकडचा खास प्रॉब्लेम म्हणजे वीज. खोपोलीत १९१५ पासून वीज तयार होते, पण पावसात तारेवर फांदी पडली की कर्जत-खालापूरला अंधार. म्हणून बायोसमध्ये "वीज आल्यावर आपोआप चालू" हा पर्याय लावा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलही बदला. तो मेला की वीज जाऊन आल्यावर घड्याळ मागे पडतं, ही सेटिंगही उडते आणि अपडेट "तारीख चुकीची" म्हणून अडतात. माझा अर्धा दिवस त्यातच गेला, आणि खर्च आला तो फक्त सेलचा. बिलाचं गणितही करा: ६० वॅटचं मशीन चोवीस तास चालू राहिलं तर महिन्याला साधारण ४३ युनिट. रात्री बंद ठेवलं तरी कोणाचं अडत नाही.

आमचा सर्व्हर आता डेबियन १३ वर मजेत आहे. नऊ ओव्यांच्या तीन प्रती आहेत, त्यातली एक माझ्या हॉस्टेलच्या कपाटात. या शनिवारी घरी गेलात तर अपग्रेड नंतर करा. आधी कॉपी करा!