विश्लेषण : तारेला न शिवताही वीज भाजते कशी? कारखान्यांतील ‘आर्क फ्लॅश’चा धोका कसा मोजतात?

कारखान्यातील वायरमनला शॉकची भीती पहिल्या दिवसापासून शिकवली जाते. हातात रबरी मोजे, पायाखाली रबरी मॅट, खिशात टेस्टर. पण पॅनेलपुढच्या काही गंभीर अपघातांत माणसाने जिवंत तारेला हातच लावलेला नसतो. तो दीड-दोन फुटांवर उभा असतो. लख्ख पांढरा प्रकाश, कानठळ्या बसवणारा आवाज आणि पुढच्याच क्षणी चेहरा, छाती, हात भाजलेले. या भडक्याला ‘आर्क फ्लॅश’ म्हणतात. शॉकपासून वाचवणारी साधने इथे फारशी कामाला येत नाहीत आणि नेमके हेच अनेक ठिकाणी सांगितले जात नाही.

हा भडका नेमका कसा उडतो?

वीज एरवी तांब्या-अॅल्युमिनियममधून वाहते, हवा तिला अडवते. पण दोन फेज, किंवा फेज आणि अर्थ, क्षणभर जोडले गेले की ठिणगीने मधली हवा तापते, तिचे आयनीकरण होते आणि वीज चक्क हवेतूनच वाहू लागते. जोडणारी वस्तू वितळून गेली तरी आर्क चालूच राहतो. त्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे १९ हजार अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंशांचा आहे, यावरून अंदाज यावा. त्यात बसबारच्या तांब्याची वाफ होते आणि वाफ होताना तांबे सुमारे ६७ हजार पट प्रसरण पावते. त्या दाबाने पॅनेलचे दार उडते, वितळलेल्या धातूचे थेंब फवाऱ्यासारखे बाहेर येतात.

सुरुवात मात्र अगदी क्षुल्लक कारणाने होते. हातातून निसटलेला पाना, ढिला पडून तापलेला लग, पावसाळ्यात ओल धरलेली धूळ, चुकीच्या रेंजवर ठेवलेला मीटर, केबलच्या भोकातून आत शिरलेला उंदीर किंवा पाल. ब्रेकर आत-बाहेर सरकवताना, म्हणजे ‘रॅकिंग’ करताना, धोका विशेष. कारण त्या वेळी माणूस पॅनेलच्या अगदी समोर असतो.

४१५ व्होल्टला एवढे काय घाबरायचे?

‘एचटीला जपावे, एलटीचे काय एवढे’ हा समज वायरमनमध्येच नव्हे, इंजिनीअरमध्येही आढळतो. हिशेब वेगळे सांगतो. एखाद्या मध्यम कारखान्यात एक हजार केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे, दुय्यम बाजूला ४३३ व्होल्ट आणि इम्पिडन्स ५ टक्के, असे धरू. त्याचा पूर्ण लोडचा प्रवाह सुमारे १३३३ अँपिअर. त्याच्या टोकाशीच शॉर्टसर्किट झाले तर प्रवाह वीसपट, म्हणजे जवळपास २६ हजार ७०० अँपिअर होऊ शकतो. घरात लांबलचक बारीक तारांमुळे हा आकडा खूपच खाली येतो. कारखान्याच्या मुख्य पॅनेलमध्ये त्याला अडवायला मध्ये काहीच नसते.

तरीही भाजण्याचे गणित फक्त प्रवाहावर ठरत नाही. निर्णायक असतो तो वेळ. आर्क किती काळ जळत राहिला, त्या प्रमाणात अंगावर येणारी उष्णता वाढते. ब्रेकरने ०.०५ सेकंदात वीज तोडली आणि ०.५ सेकंदात तोडली, यात दहापट फरक पडतो. म्हणूनच रिलेची सेटिंग हा वायरमनच्या जिवाशी जोडलेला विषय आहे. मोटर सुरू होताना ब्रेकर वारंवार पडतो म्हणून रात्रपाळीत कोणी तरी सेटिंग वाढवून ठेवतो. उत्पादन थांबत नाही, सगळे खूश. पॅनेलवरचा जुना आकडा मात्र त्या रात्रीपासून खोटा ठरतो.

आणखी एक अनपेक्षित गोष्ट. हवेतून वाहणारा आर्कचा प्रवाह थेट शॉर्टसर्किटच्या प्रवाहापेक्षा कमी असतो. तो इतका कमी भरू शकतो की ब्रेकरचा झटपट ट्रिप जागाच होत नाही आणि काम विलंबाने पडणाऱ्या रिलेवर ढकलले जाते. म्हणजे कमी प्रवाहाची जागा कधी कधी जास्त भाजते. ट्रान्सफॉर्मर आणि मुख्य एलटी ब्रेकर यांच्यामधला तुकडा यासाठी बदनाम आहे. तिथल्या आर्कला तोडायचे काम एचटी बाजूच्या फ्यूज किंवा ब्रेकरवर येते आणि त्याला तो दोष उशिरा कळतो.

धोक्याचे मोजमाप कसे होते?

अमेरिकी अभियंता राल्फ ली यांनी १९८२ मध्ये विजेच्या आर्कने होणाऱ्या भाजण्यावर शोधनिबंध लिहिला. शॉकखेरीज विजेचा हा ‘दुसरा धोका’ गणितात पकडण्याची सुरुवात तिथून झाली. पुढे २००२ मध्ये ‘आयईईई १५८४’ ही हिशेबाची मार्गदर्शिका आली. प्रयोगशाळेतील मोठ्या संख्येने केलेल्या नव्या चाचण्यांच्या आधारे २०१८ मध्ये ती बदलली. कामाच्या पद्धतीसाठी ‘एनएफपीए ७० ई’ हे अमेरिकी मानक आहे. भारतातील अनेक मोठे कारखाने या दोहोंचाच आधार घेतात.

अभ्यासाची पहिली पायरी कंटाळवाणी आणि सर्वात महत्त्वाची. कारखान्याचा अद्ययावत सिंगल लाइन डायग्राम लागतो. ट्रान्सफॉर्मरचे इम्पिडन्स, केबलची लांबी व जाडी, प्रत्येक ब्रेकरची प्रत्यक्ष सेटिंग, वीज कंपनीकडून मिळणारी फॉल्ट लेव्हल. भिंतीवर टांगलेला नकाशा दहा वर्षांपूर्वीचा आणि मध्ये दोन शेड वाढलेल्या, असे असेल तर संगणकातून निघणारा आकडा दिसायला नेमका पण निरुपयोगी.

या माहितीवरून प्रत्येक पॅनेलसमोर ठरावीक अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला किती कॅलरी उष्णता पोहोचेल, हे काढतात. १.२ कॅलरी ही लक्षात ठेवायची संख्या. एवढ्या उष्णतेने उघड्या त्वचेवर फोड येणारी, दुसऱ्या श्रेणीची भाजणी सुरू होते. जिथे उष्णता एवढीच उरते ती ‘आर्क फ्लॅश सीमा’. पॅनेल उघडे असताना तिच्या आत योग्य कपड्यांशिवाय कोणी यायचे नाही, सुपरवायझरनेही नाही. हे आकडे लेबलवर छापून पॅनेलवर लावतात. यंत्रणेत मोठा बदल झाला की लगेच, नाही तर निदान पाच वर्षांनी अभ्यास तपासावा, असे ‘७० ई’ सांगते.

सूट घेतला की काम झाले?

अनेक ठिकाणी खरेदीची सुरुवात सूटपासून होते. तो दिसतो, ऑडिटला दाखवता येतो. प्रत्यक्षात तो शेवटचा अडसर आहे. ‘७० ई’मध्ये अशा कपड्यांच्या चार श्रेणी आहेत, किमान ४, ८, २५ आणि ४० कॅलरींच्या. पण सूट उष्णता अडवतो, स्फोटाचा दाब नव्हे. शिवाय आत टेरिकॉटचा शर्ट किंवा नायलॉनची बनियन असेल तर ती वितळून कातडीला चिकटू शकते.

त्याआधी करण्यासारखे बरेच आहे. पहिले म्हणजे वीज बंद करून काम करणे. नुसता ब्रेकर पाडणे म्हणजे वीज बंद नव्हे. कुलूप, टॅग, मग टेस्टर आधी जिवंत ठिकाणी तपासायचा, कामाच्या जागी लावायचा आणि पुन्हा जिवंत ठिकाणी तपासायचा, कारण मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर? त्यानंतर अर्थिंग. बंद करणे शक्यच नसेल तिथे देखभालीपुरते ट्रिप झटपट करणारा स्विच, आर्कचा प्रकाश टिपून काही मिलिसेकंदांत इशारा देणारा रिले, दुरून ब्रेकर सरकवणारे रॅकिंग यंत्र, दार न उघडता तापमान पाहण्याची इन्फ्रारेड खिडकी. जुन्या पॅनेलमध्ये यांतले काहीच नसले तरी सेटिंग तपासून घ्यायला फार खर्च येत नाही.

प्रशिक्षण कोणाला द्यायचे?

वायरमन परवाना म्हणजे प्रशिक्षण, असे धरून चालणारे व्यवस्थापन कमी नाही. ‘७० ई’नुसार पात्र व्यक्ती ती, जिला त्या विशिष्ट उपकरणाची रचना, धोके आणि लेबलचा अर्थ कळतो आणि जिने ते करून दाखवले आहे. उजळणी जास्तीत जास्त तीन वर्षांनी. भारतातही केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम जिवंत वाहिनीवर काम करण्याची मुभा अधिकार दिलेल्यांनाच देतात.

चांगल्या वर्गात फिती कमी आणि पॅनेल जास्त असते. समोरचे लेबल वाचून दाखव, हुडची काच उतरव, बंद करण्याची क्रमवारी स्वतः कागदावर लिही. ज्याला इथे ‘मला कळले नाही’ म्हणता येते, त्याला रात्री दोन वाजता फोनवर ‘पॅनेल बंद केल्याशिवाय उघडणार नाही’ म्हणता येण्याची शक्यता वाढते. अर्थात पलीकडून बोलणाऱ्या उत्पादन व्यवस्थापकालाही त्याच वर्गात बसवलेले असले तर.

सर्वात मोठी फट कंत्राटी कामगारांची. शटडाऊनच्या रविवारी बाहेरून आलेल्या पोराला गेटवर हेल्मेट आणि बूट मिळतात, दहा मिनिटांची सूचना मिळते. कोणत्या फीडरला दुसऱ्या बाजूने, जनरेटर किंवा सौर संचाकडून, वीज परत येऊ शकते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पडलेला ब्रेकर पुन्हा चढवणारा मशीन ऑपरेटर आणि एलटी रूम झाडणारा सफाई कामगार यांची नावे तर प्रशिक्षणाच्या यादीत क्वचितच सापडतात.