वहीवर यंत्राचा शेरा

वर्गात साठ मुले आणि निबंधाच्या साठ वह्या. एका वहीला दहा मिनिटे दिली तरी दहा तास जातात, तेही एकाच निबंधासाठी. भाषेचा कोणताही शिक्षक हा हिशेब झोपेतून उठवले तरी सांगेल. त्यामुळे होते काय, तर चार-दोन ऱ्हस्व-दीर्घांना लाल गोल, तळाशी ‘अक्षर सुधारा’ आणि सही. वही परत मिळेपर्यंत वर्ग पुढच्या निबंधाला लागलेला असतो. मुलाने शेरा वाचला काय नि न वाचला काय, तोच निबंध नव्याने लिहायची वेळ त्याच्यावर कधी येतच नाही.

वह्यांच्या या ढिगाऱ्यावर अमेरिकेतल्या एलिस पेज यांनी १९६६ साली एक तोडगा मांडला. पेज पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवत, पुढे कनेक्टिकट विद्यापीठात गेले. निबंध तपासण्याचे काम आता संगणक करू शकेल, असे त्यांनी लिहिले तेव्हा संगणक खोलीभर असायचा आणि निबंध आधी छिद्रे पाडलेल्या कार्डांवर उतरवावा लागायचा. भाषा यंत्राला कळणार नाही हे पेज यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी वेगळीच वाट धरली. विचारांची स्पष्टता, भाषेवरची पकड हे निबंधाचे खरे गुण यंत्राला मोजता येत नाहीत; पण त्या गुणांच्या सोबतीने दिसणाऱ्या काही खुणा मोजता येतात. निबंधाची लांबी किती, शब्दांची सरासरी लांबी किती, स्वल्पविराम किती, कमी वापरातले शब्द किती. माणसांनी तपासलेले निबंध घ्यायचे, कोणत्या खुणेला किती वजन दिले की त्यांच्या गुणांशी जवळात जवळ मेळ बसतो ते गणिताने काढायचे, आणि तेच सूत्र नव्या निबंधांना लावायचे. शितावरून भाताची परीक्षा करतात. इथे शितही चाखायचे नव्हते, नुसती वाफ पाहायची होती.

यातली एक बारीकशी युक्ती पाहण्याजोगी आहे. शब्दसंख्येला सरळ गुण दिले, तर पाल्हाळ लावणाऱ्याचे फावते. म्हणून पेज यांच्या पद्धतीत तिचे चतुर्थमूळ घेतले जाई. ८१ शब्दांना ३, २५६ शब्दांना ४, ६२५ शब्दांना ५. सुरुवातीच्या परिच्छेदांना चांगले वजन मिळते, नंतरची लांबण हलकी पडत जाते. हुशारी आहे यात शंका नाही, फक्त निबंध कशाबद्दल आहे हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही.

हीच कल्पना बाळसे धरत गेली. १९९९ पासून ‘जीमॅट’ या प्रवेशपरीक्षेतल्या निबंधांना एक माणूस आणि एक ‘ई-रेटर’ नावाची प्रणाली असे दोघे गुण देऊ लागले. ती बनवणाऱ्या ईटीएस या संस्थेने स्वतःच जाणकारांना ‘आमच्या यंत्राला फसवून दाखवा’ असे आव्हान दिले. त्याचा अहवाल २००१ साली आला. सर्वांत यशस्वी ठरलेल्या पठ्ठ्याने काही परिच्छेद लिहिले आणि तेच सदतीस वेळा उतरवले. यंत्राने त्याला वरचे गुण दिले. २०१४ मध्ये एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी काही विद्यार्थ्यांना हाताशी धरून ‘बेबल’ नावाचा प्रोग्रॅम केला. त्याला दोन-तीन शब्द द्यायचे, की तो जडजंबाळ शब्दांचा, व्याकरणाला धरून असलेला, पण शेंडा-बुडखा नसलेला निबंध क्षणात तयार करतो. अशा निबंधांनाही यंत्रांनी भरघोस गुण दिले. ‘हिरवेगार गालिचे’ आणि ‘सोनेरी किरणे’ गाइडातून पाठ करून पेपरात उतरवणाऱ्या आपल्या परंपरेला यात नवल वाटू नये. तिथे तर तपासणारी माणसे असतात.

मात्र याच काळात संगणकाच्या शेऱ्याचे दुसरे एक घराणेही वाढत होते आणि त्याची चर्चा फार कमी होते. १९८० च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये लोरिंडा चेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रायटर्स वर्कबेंच’ हा प्रोग्रॅमांचा संच तयार केला. तो गुण देत नसे. तुमची वाक्ये सरासरी किती शब्दांची आहेत, कर्मणी रचना किती आहेत, कोणते शब्दप्रयोग उगाच लांबवलेले आहेत, एवढे तो समोर मांडायचा. बदल करायचा की नाही हे लिहिणाऱ्याने ठरवायचे. (आपल्या सरकारी परिपत्रकातले ‘कळविण्यात येत आहे’ तिथे पहिल्याच ओळीत सापडले असते.) कोलोराडो स्टेट विद्यापीठाने तो लेखनाच्या वर्गांत वापरला.

माझ्या मते शाळेने पाहायचे ते या दुसऱ्या घराण्याकडे. गुण देणारे यंत्र आले की मुले यंत्रासाठी लिहू लागतात. नुसता शेरा देणारे यंत्र मुलाला तोच निबंध पुन्हा हातात घ्यायला लावते. लेखन सुधारते ते या फेरलिखाणात, आणि साठ वह्यांच्या हिशेबात नेमके तेच बसत नाही. यंत्राला दुसरा, तिसरा, पाचवा खर्डा वाचायचा कंटाळा येत नाही, आणि शेरा मिळतो तो मुलाच्या डोक्यात वाक्य अजून ताजे असताना.

फायदा किती होतो? स्टीव्ह ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले. मोठ्या माणसांच्या अभिप्रायामुळे लेखनात झालेल्या सुधारणेचे माप ०.८७ निघाले, संगणकाच्या अभिप्रायाचे ०.३८. निम्म्याहून कमी, पण शून्य नव्हे. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो डेलावेअर विद्यापीठातल्या जोशुआ विल्सन यांचा २०१६ चा अभ्यास. आठवीच्या काही वर्गांनी पेज यांच्याच प्रणालीची नवी आवृत्ती वापरली, काहींनी साधे गूगल डॉक्स. अंतिम निबंधांच्या दर्जात फरक पडला नाही. बदल झाला तो शिक्षकांच्या शेऱ्यांत. यंत्र वापरणाऱ्या वर्गांत त्यांच्या अभिप्रायाचा मोठा वाटा शुद्धलेखनाकडून कल्पना आणि मांडणीकडे वळला. लाल गोल काढायचे काम यंत्राने उचलले म्हणा ना.

चॅटजीपीटी आल्यावर अर्थातच चित्र बदलले, कारण हे यंत्र मजकुराबद्दलही बोलते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात शाळकरी निबंधांवरचे त्याचे २०० आणि प्रशिक्षित माणसांचे २०० अभिप्राय शेजारी ठेवून तपासले. पाचपैकी चार निकषांवर माणसे सरस ठरली, पण अंतर फार मोठे नव्हते. धोका वेगळाच आहे. हे यंत्र ‘वाक्य सुधार’ म्हणून थांबत नाही, मागितले की सुधारून हातात देते. मग मुलाला करायला काय उरले?

मराठीत गाडी बरीच मागे आहे, आणि त्याला भाषेचीही कारणे आहेत. आपल्याकडे ‘घर’ एकटे राहत नाही. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द असतो. ‘मूल’ दीर्घ, पण ‘मुलाला’ ऱ्हस्व. ‘फूल’ आणि ‘फुलाचा’ तसेच. अशी सगळी रूपे कोशात भरणे अशक्य, त्यामुळे यंत्राला सामान्यरूपाचे नियम शिकवावे लागतात. ‘आणी’ लिहिले तर साधा शुद्धिचिकित्सकही पकडतो. ‘स्वातंत्र्य दीन’ लिहिले तर तो गप्प बसतो, कारण ‘दीन’ हा शब्द कोशात आहेच.

त्याहून मोठी अडचण सामग्रीची. अमेरिकेत २०१२ साली ह्युलेट फाउंडेशनने स्पर्धा भरवली तेव्हा सातवी ते दहावीच्या मुलांचे, माणसांनी गुण दिलेले सुमारे १३ हजार निबंध खुले केले. २०१८ मध्ये आयआयटी मुंबईच्या संदीप मथायस आणि पुष्पक भट्टाचार्य यांनी त्याच संग्रहावर पुढचे काम केले: एकाच आकड्याऐवजी आशय, मांडणी, शब्दयोजना असे वेगवेगळे गुण देऊन. म्हणजे पवईत बसून जे निबंध बारकाईने तपासले गेले ते अमेरिकी मुलांचे, इंग्रजीतले होते. मराठीत हे करायचे तर आधी तपासलेल्या निबंधांच्या काही हजार वह्या जमवाव्या लागतील आणि मुलांच्या चुका जशाच्या तशा ठेवून टंकलिखित कराव्या लागतील. टंकणाऱ्याने वाटेत त्या दुरुस्त केल्या, तर यंत्राला शिकायला काही उरणार नाही.