विश्लेषण : क्रीडा क्लबांसाठी आरोग्य धोरण, पण बारच्या कमाईचे काय?

शनिवारी दुपारी सामना आणि सामना संपला की क्लबच्याच बारमध्ये बिअर, हा ऑस्ट्रेलियातील अनेक गावांतल्या क्रीडा क्लबांचा जुना रिवाज. या बारच्या कमाईवर क्लबची जर्सी, चेंडू आणि विजेचे बिलही निघते. खेळ म्हणजे आरोग्य असे आपण गृहीत धरतो. तरीही खेळाच्या क्लबांना आरोग्याकडे वळवण्यासाठी सरकारांना धोरणे का आखावी लागतात आणि ती धोरणे उपयोगी पडतात का, हे कसे तपासले जाते, याविषयी.

खेळाच्या क्लबला आरोग्य धोरण कशाला?

तिकडचा क्लब म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडची तालीम किंवा क्रीडा मंडळ. सदस्यांची वर्गणी, स्वयंसेवकांचा कारभार आणि आठवड्यातून दोन-तीनदा जमणारी मुले. ‘आरोग्य केवळ दवाखान्यात घडत नाही, माणसे जिथे राहतात, शिकतात, खेळतात तिथे ते घडते’, ही भूमिका जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८६ च्या ओटावा जाहीरनाम्याने मांडली. त्यातून आधी शाळा, रुग्णालये आणि शहरे ‘आरोग्यपूरक’ करण्याचे कार्यक्रम आले. क्लबांची पाळी बरीच उशिरा आली. फिनलंडमधील युवास्कुला विद्यापीठाचे सामी कोक्को आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये आरोग्यपूरक क्लबचे २२ निकष मांडले. प्रशिक्षक झोप, आहार आणि दुखापतींबद्दल बोलतो का? खेळात मागे असलेल्या मुलाला मैदानावर उतरायला मिळते का? क्लबचे दारू-तंबाखूविषयीचे नियम लिखित आहेत का? प्रश्न असे साधे असले तरी क्लबाक्लबांत मोठी तफावत आढळली.

यामागे एक मोठी चिंताही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार, २०२२ मध्ये जगातील ३१ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे १८० कोटी लोक, पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते.

धोरण आहे की नाही, हे कसे मोजतात?

युरोपीय संघाच्या परिषदेने नोव्हेंबर २०१३ मध्ये आरोग्यवर्धक शारीरिक हालचालींबाबत शिफारस केली आणि सोबत देखरेखीसाठी २३ निर्देशक दिले. त्यातला एक थेट क्लबांविषयी आहे : ‘आरोग्यासाठी क्रीडा क्लब’ हा उपक्रम तुमच्या देशात राबवला जातो का? सदस्य देशांनी नेमलेले प्रतिनिधी माहिती भरतात आणि जागतिक आरोग्य संघटनेचे युरोप कार्यालय त्यावरून देशनिहाय माहितीपत्रके काढते.

अडचण इथेच आहे. असा प्रश्न विचारला की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येते. राजधानीत एखादी पुस्तिका निघाली तरी ‘हो’ म्हणता येते. ती पुस्तिका दोनशे किलोमीटरवरच्या फुटबॉल क्लबच्या कपाटात बंद आहे की वापरात, हे त्या रकान्यातून कळत नाही. आणि भरणारेही सरकारचेच प्रतिनिधी. आपल्याच उत्तरपत्रिकेला आपणच गुण देण्यासारखे हे आहे.

ऑस्ट्रेलियाच्या अनुभवाकडे का पाहायचे?

कारण तिथे पैशाच्या प्रश्नाला हात घातला गेला. व्हिक्टोरिया राज्याने १९८७ च्या तंबाखू कायद्याने ‘व्हिकहेल्थ’ ही संस्था स्थापन केली. तंबाखूवरील कराचा वाटा तिला मिळाला आणि सिगारेट कंपन्या खेळाला देत असलेल्या प्रायोजकत्वाची जागा या पैशाने घेतली. सिगारेटचा फलक उतरवा, एवढेच क्लबांना सांगितले नाही, तर उतरवल्यावर होणारा तोटाही भरून दिला. राज्यांच्या अशा करआकारणीचा कायदेशीर आधार १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गेला. संस्थेला मात्र सरकारी तिजोरीतून पैसे मिळत राहिले.

दारूबाबत ‘गुड स्पोर्ट्स’ हा कार्यक्रम २००० च्या सुमारास सुरू झाला. सुरुवातीच्या रचनेत क्लबने तीन टप्पे चढायचे होते. आधी परवाना आणि प्रशिक्षित बार-कर्मचारी, मग खाण्याचे व बिनदारूच्या पेयांचे पर्याय आणि सुरक्षित घरी जाण्याची सोय, शेवटी लिखित धोरण. बार बंद करा, असे कुठेही म्हटले नव्हते. माझ्या मते कार्यक्रम पसरला तो या व्यवहारीपणामुळे. आज १० हजारांहून अधिक क्लब त्यात आहेत.

तो उपयोगी ठरला का, हे ‘हो-नाही’च्या रकान्यावर सोडले गेले नाही. न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी न्यू साऊथ वेल्समधील ८८ फुटबॉल-रग्बी क्लबांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला दारूवरील नियंत्रणासाठी मदत दिली, दुसऱ्याला नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मदत मिळालेल्या क्लबांत धोकादायक प्रमाणात पिणारे सदस्य १९ टक्के होते, दुसऱ्या गटात २४ टक्के. फरक प्रचंड नाही, पण खरा आहे. सदस्यसंख्या किंवा क्लबच्या उत्पन्नावर लक्षणीय विपरीत परिणामही आढळला नाही. क्लबचालकांची पहिली भीती हीच असते.

कायदा केला की भागते का?

फ्रान्सचे उदाहरण पाहा. १९९१ च्या एव्हाँ कायद्याने तंबाखू आणि दारूला खेळाच्या प्रायोजकत्वातून हटवले, क्रीडासंकुलांत मद्यविक्रीवर बंदी आणली. मात्र क्लबांना वर्षातून १० वेळा तात्पुरती सवलत मिळू शकते. १ मार्च २०१७ पासून दीर्घ आजाराच्या रुग्णांना डॉक्टर चिठ्ठीवर व्यायाम लिहून देऊ शकतात. स्ट्रासबर्ग शहराने हे २०१२ मध्येच सुरू केले होते. पण चिठ्ठीवरच्या व्यायामाचा खर्च राष्ट्रीय आरोग्य विमा सर्वसाधारणपणे देत नाही. काही ठिकाणी पालिका, काही ठिकाणी पूरक विमा संस्था तो उचलतात. उरलेल्यांनी खिशात हात घालायचा. ‘धोरण आहे का?’ या प्रश्नाला फ्रान्स ठामपणे ‘हो’ म्हणेल. रुग्णाचे उत्तर मात्र त्याच्या गावावर अवलंबून राहील.

फिनलंडमध्ये २०१५ च्या क्रीडा कायद्याने आरोग्य हे उद्दिष्ट मानले आहे. तिथे क्लबांना दर्जाचे मानांकन दिले जाते आणि शिक्षण व संस्कृती मंत्रालय स्थानिक क्लबांना थेट अनुदानही देते. धोरण तपासताना हा शेवटचा दुवा पाहिला पाहिजे. संध्याकाळी नोकरीवरून थेट मैदानावर येणाऱ्या स्वयंसेवकाला नवा अर्ज भरायला लावताना सोबत पैसा किंवा माणूस दिला का? मोठा क्लब त्यासाठी कारकून ठेवतो. छोटा क्लब अर्ज बाजूला सारतो.

प्रायोजकांच्या पळवाटांचे काय?

आयर्लंडमध्ये गिनेस या बिअर कंपनीचे हर्लिंग स्पर्धेचे प्रायोजकत्व २०१३ मध्ये संपले. त्याच वर्षी गेलिक क्रीडा संघटनेचा ‘हेल्दी क्लब’ उपक्रम सुरू झाला. २०१८ च्या कायद्यानुसार, नोव्हेंबर २०२१ पासून सामन्यादरम्यान मैदानावर दारूच्या जाहिरातींना तिथे बंदी आहे. त्यानंतर डब्लिनच्या रग्बी मैदानावर त्याच कंपनीच्या बिनदारूच्या बिअरचे नाव झळकले. पॅरिसमध्ये तर तशाच अक्षरांत ‘ग्रेटनेस’ एवढेच लिहिले गेले. सोडा आणि सीडींच्या जाहिराती पाहिलेल्या भारतीय प्रेक्षकाला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. युरोपीय संघाच्या २३ निर्देशकांत याविषयी एकही प्रश्न नाही. भारतात मार्च २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहून तंबाखू व दारूच्या जाहिराती रोखण्यास सांगितले. त्यात अशा आडून केलेल्या जाहिरातींचाही स्पष्ट उल्लेख होता.